प्रतिपक्षाच्या गुरूचा निवाडा

२०२४ सालच्या डिसेंबरात पुण्यास एका लग्नासाठी आम्ही गेलो होतो. मुहूर्त टळून गेला होता व पंगतीस अवकाश होता. तेवढ्यात आमच्या आप्तांपैकी दोन तरुण, नात्याने परस्परांचे मावसभाऊ, मंगल कार्यालयाच्या एका कोपऱ्यात हमरीतुमरीवर आलेले दिसले. थोरला अमेरिकेत ॲन आर्बर येथील मिशिगन विद्यापीठात शिकला. धाकटा कोलंबस येथील ओहायो स्टेट विद्यापीठात. दोघेही आता तिकडेच नोकरीस आहेत. भांडण घराच्या वाटणीचे असावे अशा समजुतीने आम्ही मध्ये पडलो. पाहतो तो वादाचा विषय असे एक अमेरिकन गृहस्थ, की ज्यांची या दोघांपैकी एकाशीही कधी गाठ पडलेली नाही! रायन डे हे त्यांचे नाव, आणि ओहायो स्टेटच्या फुटबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षक हा त्यांचा अधिकार. त्यांना जागेवर ठेवावे की काढावे, असा प्रश्न होता. त्यात मौज अशी की, कोलंबसचा धाकटा 'उद्याच्या उद्या हाकला' म्हणत होता, आणि थोरला, म्हणजे शत्रुपक्षाचा, साळसूद चेहऱ्याने आम्हांस सांगत होता, "छे छे काका, असा माणूस पुन्हा मिळावयाचा नाही. त्यांना जन्मभर ठेवले पाहिजे!"

आम्ही हसलो आणि पंगतीस जाऊन बसलो. परंतु तो विनोद पुढे कित्येक दिवस आमच्या मनात खुपत राहिला. ज्या विनोदात एका माणसाच्या आयुष्याच्या कमाईचा निकाल लागतो, तो एकदा उलटा करून तपासावा, एवढ्याचसाठी हा लेख.

ज्या वाचकांस या खेळाची माहिती नाही, त्यांच्यासाठी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. अमेरिकेत ज्यास फुटबॉल म्हणतात, त्यात पायापेक्षा हाताचेच काम अधिक. चेंडू लंबगोल, प्रत्येक बाजूस अकरा गडी, आणि प्रत्येक डाव आगाऊ आखून, पढवून घेतलेला. त्यामुळे प्रशिक्षकाचे महत्त्व आपल्याकडील कोणत्याही खेळापेक्षा तेथे फार. विद्यापीठांचे सामने शरद ऋतूत, बहुधा शनिवारी होतात. मिशिगन व ओहायो स्टेट या दोहोंचीही क्रीडांगणे अशी आहेत की, प्रत्येकात लाखाहून अधिक माणूस बसावे. दोन्ही प्रदेशांचे वैर तर खेळाहूनही जुने. १८३५ साली टोलेडो शहराच्या सरहद्दीवरून दोघांनी एकमेकांवर शिबंदी चालवून नेली होती. फुटबॉलचा पहिला सामना १८९७ सालचा. आज तो नोव्हेंबरच्या अखेरीस होतो, आणि त्या एका दिवसासाठी दोन्ही गावे वर्षभर जगतात असे म्हटले तरी चालेल.

अशा त्या दिवशी, ३० नोव्हेंबर २०२४ रोजी, ओहायो स्टेटचा संघ स्वतःच्या अंगणात मिशिगनकडून १० विरुद्ध १३ असा हरला. मिशिगनने त्या मोसमात आधीच पाच सामने गमावलेले होते. त्यामुळे ही हार अधिकच झोंबली. शिवाय मिशिगनपुढची ही लागोपाठ चौथी हार. त्या घटकेपर्यंत डे यांच्या खाती एकंदर ६६ विजय व १० पराभव जमा होते. दहांपैकी चार एकट्या मिशिगनचे! बस्स, एवढ्यावर दोन्ही पक्षांनी निवाडा करून टाकला. स्वकीय म्हणाले, 'काढा'. परकीय म्हणाले, 'ठेवा'. शब्द परस्परविरुद्ध, पण अर्थ एकच: हा माणूस कुचकामाचा आहे.

आमचा आक्षेप या निवाड्यावर आहे, आणि विशेषतः त्यातील परकीयांच्या भागावर आहे. कारण स्वकीयांचा संताप एक वेळ समजू शकतो. ज्याच्या घरी दुःख झाले, तो कपाळ बडवून घेणार, त्यात दोन शब्द वावगेही बोलणार. पण ज्याच्या घरी त्याच दिवशी पेढे वाटले गेले, त्याने शेजाऱ्याच्या गुरुजींची लायकी ठरवीत बसावे, ही तऱ्हा निराळी आहे. लष्कराच्या भाकऱ्या भाजणारा निदान कोणाची भूक तरी भागवितो. येथे तर भाकरी करपावी म्हणूनच चुलीपाशी बसणे आहे.

न्याय करावयास बसणाऱ्याच्या ठायी तीन गोष्टी असाव्यात, असे सामान्य माणूसही मानतो. निकालात त्याचा स्वार्थ नसावा. पुरावा त्याने पुरता पाहिलेला असावा. आणि निकाल चुकला तर त्याची थोडीतरी झळ त्याला लागावी. प्रतिपक्षाच्या अभिमान्यापाशी यांतील एकही नाही. त्याचा स्वार्थ उघड आहे. त्याने पाहिला तो वर्षातला एक शनिवार. बाकीच्या दिवसांत त्या प्रशिक्षकाने अठरा-अठरा वर्षांची मुले कशी घडविली, हे त्याला ठाऊक नाही व ठाऊक करून घेण्याची इच्छाही नाही. आणि निकाल चुकला तर? तर काही नाही. दुसऱ्या वर्षी तोच गृहस्थ तितक्याच गंभीरपणे उलट निकाल सांगावयास मोकळा!

हे केवळ तर्काने म्हणतो असे कोणी समजू नये. हेच मावसभाऊ चार वर्षांपूर्वी नेमक्या उलट जागी उभे होते. मिशिगनचे प्रशिक्षक तेव्हा जिम हार्बॉ. ते त्याच विद्यापीठाचे जुने खेळाडू. २०१४ सालच्या अखेरीस त्यांस मोठ्या गाजावाजाने घरी बोलावून आणले. पुढल्या सहा मोसमांत त्यांनी ४९ सामने जिंकले, २२ हरले. पण ओहायो स्टेटशी झालेले पाचही सामने गमावले. २०१८ साली प्रतिपक्षाने ६२ गुण चढविले, २०१९ साली ५६. २०२० हे महामारीचे साल. त्या वर्षी दोन विजय व चार पराभव एवढीच पुंजी, आणि ओहायो स्टेटशी सामना होऊच शकला नाही. त्या वेळी कोलंबसचे लोक काय म्हणत असतील, हे सांगावयास पाहिजे काय? 'हार्बॉ यांस कधीही काढू नका!' आमचा धाकटा तेव्हा हेच वाक्य घोकीत असे, व थोरल्याच्या अंगाचा तिळपापड होत असे.

मिशिगन विद्यापीठाने त्या वेळी जे केले, ते आमच्या मते शहाणपणाचे होते. त्यांनी प्रशिक्षकास हाकलले नाही, आणि झाले ते ठीक झाले असेही भासविले नाही. २०२१ च्या जानेवारीत नवा करार झाला. मूळ वेतन सुमारे निम्म्यावर, म्हणजे वर्षास चाळीस लाख डॉलरांवर आणले, आणि विजय मिळाल्यास वाढावा ठेवला. शिक्षा झाली, पण शिरच्छेद झाला नाही. हार्बॉ यांनी ती शिक्षा पत्करली, साहाय्यकांत फेरबदल केले, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ओहायो स्टेटला ४२ विरुद्ध २७ असे हरविले. २०११ नंतर मिशिगनने हा सामना जिंकण्याची ती पहिलीच वेळ. २०२२ साली पुन्हा, २०२३ साली पुन्हा. आणि ८ जानेवारी २०२४ रोजी वॉशिंग्टन विद्यापीठास ३४ विरुद्ध १३ असे नमवून राष्ट्रीय अजिंक्यपद. ज्यास 'जन्मभर ठेवा' म्हणून कोलंबसने खिजविले, त्यास आणखी ठेवू नये असे आता कोलंबसलाच वाटू लागले असावे!

आता कोणी म्हणेल की, ही पश्चात्बुद्धी आहे. राखून ठेवलेला प्रत्येक प्रशिक्षक हार्बॉ निघत नाही. हा आक्षेप खरा आहे, आणि त्याचे सर्वांत बळकट उदाहरण याच वैराच्या इतिहासात सापडते, म्हणून ते आम्हीच पुढे ठेवतो. जॉन कूपर हे १९८८ पासून २००० पर्यंत ओहायो स्टेटचे प्रशिक्षक होते. १११ विजय, ४३ पराभव, ४ बरोबरी, असा त्यांचा हिशेब. पण मिशिगनशी तेरा सामने होऊन जिंकले दोनच. दहा हरले, एक बरोबरीत. २००१ च्या जानेवारीत त्यांस काढले. त्यांच्या जागी जिम ट्रेसेल आले. त्यांनी पहिल्याच वर्षी ॲन आर्बरला जाऊन विजय मिळविला आणि २००२ च्या मोसमाचे राष्ट्रीय अजिंक्यपदही आणले. मग कूपर यांस काढा म्हणणारे खरे ठरले नाहीत काय?

स्वकीयांपैकी ज्यांनी तेरा वर्षांचा हिशेब तपासून तसे म्हटले, ते खरे ठरले, असे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. तेरा वर्षे हा पुरेसा पुरावा आहे, आणि निकाल देणारे ज्याचे त्याचेच होते. प्रशिक्षक कधीच काढू नये असे आमचे म्हणणे नाही. परंतु त्याच काळी मिशिगनचे लोक 'कूपर यांस ठेवा' म्हणत असतील, तर त्यांच्या त्या म्हणण्याचा या न्यायाशी काय संबंध? त्यांना कूपर हवे होते, कारण कूपर हरत होते. ज्याचे मत हव्यासाने ठरले, त्याचे मत कधी योगायोगाने बरोबर आले तरी ते मत होत नाही. बंद पडलेले घड्याळही दिवसातून दोनदा खरी वेळ दाखविते. म्हणून कोणी त्यावर गाडी धरीत नाही.

शिवाय ट्रेसेल यांच्या कथेचा उत्तरार्ध विसरून चालावयाचे नाही. खेळाडूंनी नियमबाह्य लाभ घेतल्याचे कळूनही त्यांनी ते वरिष्ठांपासून लपविले, म्हणून २०११ साली त्यांस राजीनामा द्यावा लागला. हार्बॉ यांच्याही यशाला असाच डाग आहे. प्रतिपक्षाच्या खुणा नियमबाह्य रीतीने टिपल्याच्या प्रकरणात २०२३ च्या नियमित मोसमाच्या शेवटच्या तीन सामन्यांस त्यांना मैदानावर येण्याची मनाई झाली होती. ओहायो स्टेटशी झालेला सामना त्यांच्या साहाय्यकाने चालविला. पुढे ते धंदेवाईक संघाकडे निघून गेल्यावर विद्यापीठीय खेळांच्या नियामक संस्थेने २०२४ साली एका प्रकरणात चार वर्षांचे, व २०२५ साली या दुसऱ्या प्रकरणात त्यापुढील आणखी दहा वर्षांचे निर्बंध त्यांच्यावर घातले. म्हणजे ज्या प्रश्नावर प्रशिक्षकाचा न्याय खरोखर व्हावयास पाहिजे होता, तो प्रश्न गुणफलकावर कधी लिहिलाच जात नाही! आणि प्रतिपक्ष तो प्रश्न काढतो तेव्हाही, आपल्या घरचा तोच प्रश्न झाकून ठेवून काढतो. आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कार्टे, हा न्याय समुद्रापलीकडेही चालतो म्हणावयाचा.

एक काळ असा होता की, याच दोन विद्यापीठांत याहून मोठे माप वापरले जात असे. बो शेंबेकलर हे १९६९ पासून १९८९ पर्यंत, एकवीस मोसम, मिशिगनचे प्रशिक्षक होते. हार्बॉ हे त्यांचेच शिष्य. शेंबेकलर यांनी १९४ सामने जिंकले. पण राष्ट्रीय अजिंक्यपद त्यांस एकदाही लाभले नाही. मोसमाच्या शेवटी होणाऱ्या 'रोझ बोल' या प्रतिष्ठेच्या सामन्यात त्यांनी दहा वेळा संघ नेला व आठ वेळा हरून परत आणला. आजच्या मापाने मोजले तर हा माणूस चौथ्या-पाचव्या वर्षीच घरी बसावयाचा. आज ॲन आर्बरमध्ये त्यांचे नाव ज्या आदराने घेतात, तो आदर अजिंक्यपद मिळविणाऱ्यासही हेवा वाटावा असा आहे. त्यांचे प्रतिस्पर्धी वुडी हेज हे तर ओहायो स्टेटचे दैवत. १९५१ पासून अठ्ठावीस मोसम त्यांनी तो संघ चालविला. त्यांस काढले ते कोणत्या अपराधासाठी? १९७८ च्या डिसेंबरात एका सामन्यात त्यांनी प्रतिपक्षाच्या एका खेळाडूवर, एका विद्यार्थ्यावर, हात टाकला. दुसऱ्या दिवशी त्यांची नोकरी गेली. विद्यार्थ्यांच्या गुरूस काढण्याचे हे खरे कारण! सामना हरल्याने गुरुत्व जात नाही. विद्यार्थ्यावर हात टाकल्याने ते त्या क्षणी जाते.

दुसरा आक्षेप पैशाचा. 'ज्यास वर्षास कोटी डॉलर मिळतात, त्याची एवढी कणव कशाला? शिव्या खाण्याचेच ते वेतन आहे.' प्रशिक्षकाची कणव करण्याचे कारण नाही, हे आम्हांसही मान्य आहे. तो उपाशी मरत नाही. उलट, टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने २०२३ च्या नोव्हेंबरात आपले प्रशिक्षक जिंबो फिशर यांस काढले, तेव्हा कराराप्रमाणे त्यांस साडेसात कोटी डॉलरहून अधिक रक्कम देणे विद्यापीठावर आले. काम न करण्याबद्दल एवढे पैसे! त्यांचा करार दोनच वर्षांपूर्वी मोठ्या उत्साहाने वाढविलेला होता. तो उत्साह आणि हा संताप एकाच गर्दीचे. गर्दीच्या जयघोषाने करार लिहावयाचा आणि गर्दीच्या शिवीगाळीने तो मोडावयाचा, आणि दोन्ही वेळा शाईचा खर्च विद्यापीठाचा. तिकिटांच्या व देणगीदारांच्या पैशातून हे भागते, असे समर्थन करतात. असेल. पण देणगीदाराची पिशवी एकच असते. त्यातून प्रशिक्षकास निरोप देण्यासाठी जे गेले, ते ग्रंथालयासाठी उरले नाही, हे समजावयास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

खरी झळ लागते ती निराळ्यांस. मुख्य प्रशिक्षक गेला की त्याचे दहा-बारा साहाय्यक बहुधा त्याच्याबरोबर जातात. त्यांचे करार कोटींचे नसतात. त्यांची मुले शाळा बदलतात, घरे मोडतात. आणि त्याच्या शब्दावर विसंबून घर सोडून आलेला सतरा-अठरा वर्षांचा मुलगा एका रविवारी सकाळी उठून पाहतो, तो ज्याने त्याच्या आईस 'मी सांभाळीन' म्हणून सांगितले तो माणूसच जागेवर नाही. अलीकडच्या नियमांनी अशा मुलास दुसऱ्या विद्यापीठात जाण्याची मुभा आहे. पण मुभा म्हणजे आधार नव्हे. 'ठेवा' आणि 'काढा' हे शब्द ज्यांच्या जिभेवर खेळतात, त्यांस हा मुलगा कधी दिसतो काय?

शेवटचा आक्षेप सर्वांत गोड आहे, म्हणून तोच अधिक घातक. 'अहो, ही तर थट्टा! खेळात थोडी टवाळी नको काय?' टवाळी अवश्य असावी. धाकट्याने थोरल्याच्या संघाची खुशाल नक्कल करावी, हरल्याबद्दल मिठाई मागावी, पैज लावावी. थट्टेची एकच कसोटी आम्हांस माहीत आहे: ज्याची थट्टा केली, तो समोर असता तर त्यासही हसू आले असते काय? रायन डे किंवा जिम हार्बॉ समोर बसले असते, तर 'यांना जन्मभर ठेवा' हे वाक्य आमच्या तरुणांच्या तोंडून निघाले नसते. जी थट्टा पाठीमागेच होऊ शकते, तिचे नाव मराठीत निराळे आहे, आणि ते वाचकांस सांगण्याची आवश्यकता नाही.

आता गोष्टीचा शेवट. ओहायो स्टेटने डे यांस काढले नाही. त्या वर्षी अजिंक्यपदासाठी प्रथमच बारा संघांची स्पर्धा ठेवली होती. तीत टेनेसी, ओरेगॉन व टेक्सास यांस पाठोपाठ हरवून, २० जानेवारी २०२५ रोजी नोत्रदाम विद्यापीठावर ३४ विरुद्ध २३ असा विजय मिळवीत डे यांनी राष्ट्रीय अजिंक्यपद घेतले. मिशिगनपुढच्या त्या पराभवास तेव्हा एक्कावन्न दिवस झाले होते. ज्या लेखणीने धाकट्याने 'काढा' लिहिले, तिची शाई वाळली नव्हती म्हणावयास हरकत नाही. पुढे २०२५ च्या नोव्हेंबरात ॲन आर्बरला जाऊन त्यांनी मिशिगनलाही २७ विरुद्ध ९ असे हरविले. थोरल्याची 'जन्मभर ठेवा' ही प्रार्थना देवाने अर्धी ऐकली, ती अशी!

परंतु डे जिंकले म्हणून आम्ही हे लिहीत आहो, असा समज कोणी करून घेऊ नये. ते २० जानेवारीस हरले असते, तरी आमचे म्हणणे अक्षराने बदलले नसते. नाहीतर आम्हीही गुणफलक पाहून न्याय करणाऱ्यांतलेच ठरू. एक्कावन्न दिवसांत जो निकाल उलटतो, तो निकाल नव्हता, ती मनाची उकळी होती, एवढेच या उदाहरणाने सिद्ध होते. डे यांनी ३० नोव्हेंबरला जे केले, तेवढेच शिकविण्याचे काम १ डिसेंबरलाही केले, आणि त्या दिवशी टाळ्या वाजवावयास कोणी नव्हते.

आपली मुले आज त्या विद्यापीठांत शेकड्यांनी शिकतात. तिकडची विद्या ती आणतात, तसे तिकडचे वेडही आणतात. त्यास आमची ना नाही. वेडाशिवाय तारुण्यास शोभा नाही. पण लग्नघरी, पंगतीत, पत्रात, ती मुले 'अमक्यास काढा, तमक्यास ठेवा' म्हणू लागली, म्हणजे वडीलधाऱ्यांनी आमच्यासारखे नुसते हसून जेवावयास जाऊ नये. जवळ बसवून एवढेच विचारावे: "बाळ, त्या माणसाने शिकविलेल्या एका तरी मुलाशी तू कधी बोललास काय?" उत्तर 'नाही' असेच येईल. मग पानावर बसावे.